पशुवैद्यकाचं पहिलं वर्ष: हिस्टो आणि एम्ब्रिओ कसं वाचायचं?

खाडीकाठची | मंगळवार, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. मी कोपरखैरण्याची. यंदा परळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात पहिल्या वर्षाला आहे. ग्रॉस अ‍ॅनाटॉमी जमतेय. हाड हातात घेता येतं, स्नायू उचलून बघता येतो. पण हिस्टो (ऊतींची सूक्ष्म रचना) आणि एम्ब्रिओ (गर्भाची वाढ) म्हटलं की हातपाय गळतात. मायक्रोस्कोपखाली सगळं गुलाबी-जांभळंच दिसतं. रुमेन, रेटिक्युलम आणि ओमॅझम या रवंथ करणाऱ्या जनावरांच्या पोटातल्या कप्प्यांच्या स्लाइड्स शेजारी ठेवल्या तर कुठली कोणती ते सांगता येत नाही. कोंबडीच्या गर्भाचंही तेच: २४ तास, ३३ तास, ४८ तास, सगळे सारखेच वाटतात. प्लासेंटाचा, म्हणजे जाराचा, तक्ता पाठ करते आणि आठवड्यात विसरते.

स्पॉटिंग (स्लाइड ओळखायची परीक्षा) जवळ आलंय. ट्रान्स-हार्बरने ठाणे आणि तिथून स्लो लोकल, त्या वेळात वाचन होतं. मराठीतून कुणी समजावलं तर फार बरं होईल. सीनियर्स, प्रॅक्टिस करणारे डॉक्टर, लॅबमधली माणसं, सगळ्यांनी लिहा.

वागळे_इस्टेट | मंगळवार, रात्री १०:०५

अंतिम वर्षाला आहे. स्पॉटिंगला वेळ फार कमी मिळतो, त्यामुळे प्रत्येक स्लाइडची ओळख आणि ओळखायच्या दोन खुणा एवढं तोंडपाठ हवंच. रेकॉर्ड बुक स्वतः काढ, कुणाचं बघून उतरवू नकोस. गुलाबी आणि जांभळी पेन्सिल घेऊन, एक डोळा आयपीसवर ठेवून काढलेलं चित्र परीक्षेत आठवतं. प्लासेंटाला तक्त्याशिवाय पर्याय नाही, पाठच करावा लागतो.

तबेला_डॉक्टर | बुधवार, सकाळी ६:५०

ठाण्यात राहतो, भिवंडी-कल्याण पट्ट्यातल्या म्हशींच्या तबेल्यांवर काम करतो. वागळेंनी चित्राबद्दल लिहिलंय ते शंभर टक्के खरं. मात्र पाठांतराचा क्रम मी उलटा लावीन. स्लाइड समोर आली की आधी नाव शोधू नकोस. या पृष्ठभागाला काय सोसावं लागतं आणि त्यातून काय शोषलं जातं, हे आधी विचार. त्यातून नाव निघतं. पुढे जनावरासमोर उभी राहशील तेव्हाही तोच विचार कामाला येतो.

रुमेनपासून सुरू करू. आत चोवीस तास चारा आंबतोय, घासला जातोय. म्हणून वरचं आवरण अनेक थरांचं, चपट्या पेशींचं आणि वर केराटिन. ग्रंथी एकही नाही. त्याच आवरणातून चारा आंबून बनलेली व्होलाटाइल फॅटी अ‍ॅसिड्स रक्तात जायची असतात, तेव्हा क्षेत्रफळ वाढवायला पॅपिला (बोटांसारखे उंचवटे) उभ्या राहतात. आता स्पॉटिंगची खूण: रुमेनमध्ये मस्क्युलॅरिस म्युकोसी, म्हणजे अस्तराखालचा स्नायूचा पातळ थर, नसते. त्यामुळे लॅमिना प्रोप्रिया (आवरणालगतची ऊती) कुठे संपली आणि सबम्युकोसा (तिच्याखालची ऊती) कुठे सुरू झाली हे दाखवताच येत नाही.

रेटिक्युलमच्या उंच कडेत, अगदी टोकाजवळ, स्मूथ मसलचा एक सुटा गठ्ठा दिसतो. तो दिसला की दुसरा विचार करू नकोस. ओमॅझमच्या मोठ्या पडद्यात स्नायूचे तीन पट्टे असतात: दोन्ही बाजूंना मस्क्युलॅरिस म्युकोसी आणि मधोमध भिंतीतल्या आतल्या स्नायूथरातून वर चढलेला पट्टा. अ‍ॅबोमॅझममध्ये, म्हणजे चौथ्या कप्प्यात, चपट्या पेशी संपतात, उंच पेशींचा एकच थर आणि खाली ग्रंथींची दाटी सुरू होते.

आता हे तबेल्यात कसं दिसतं ते सांगतो. लग्नसराईत किंवा भंडाऱ्यानंतर उरलेला भात, चपात्या, जिलबी जनावरांपुढे ओततात. भरपूर स्टार्च एकदम आत गेला की लॅक्टिक अ‍ॅसिड वाढतं, पीएच कोसळतो. वर संरक्षण करायला श्लेष्मा नाही, कारण तो बनवणाऱ्या ग्रंथीच नाहीत. आवरण भाजून निघतं, त्या जखमेतून फ्युझोबॅक्टेरियम नेक्रोफोरम हा जंतू जातो पोर्टल व्हेनमधून थेट यकृतात, आणि तिथे गळवं होतात. "ग्रंथी नाहीत" हे तुझ्या वहीतलं एका ओळीचं उत्तर आहे. पुण्य म्हणून भात घालणाऱ्या माणसाला थांबवताना मला तीच ओळ समजावून सांगावी लागते.

पॅराफिन | बुधवार, दुपारी १:१५

ऐरोलीत राहते, पॅथॉलॉजी लॅबमध्ये टिश्यू प्रोसेसिंग करते. स्लाइड कशी बनते ते बघितलं असेल तर अर्धा गोंधळ कमी होतो, म्हणून लिहितेय.

तुकडा ५ मिलिमीटरपेक्षा जाड नको, आणि १० टक्के न्यूट्रल बफर्ड फॉर्मलिन त्याच्या निदान दहापट. फॉर्मलिन आत शिरायला वेळ घेतं. जाड तुकड्याचा मधला भाग तोवर सडू लागतो. मग चढत्या तीव्रतेचं अल्कोहोल पाणी काढून घेतं, झायलीन अल्कोहोल काढतं आणि वितळलेलं मेण झायलीनची जागा घेतं. ठोकळा झाला की मायक्रोटोमवर ४-५ मायक्रॉनचे काप. सुरीवरून कापांची रिबन निघते, ती कोमट पाण्यावर सोडायची, सुरकुती पूर्ण पसरेपर्यंत थांबायचं आणि मग खालून काच सरकवून उचलायची.

रंग दोनच. हिमॅटॉक्सिलिन मध्य अमेरिकेतल्या एका झाडाच्या लाकडाच्या गाभ्यातून मिळतं. ते केंद्रकातल्या न्यूक्लिक अ‍ॅसिडला धरतं, म्हणून केंद्रक निळं-जांभळं. इओसिन सायटोप्लाझम आणि कोलॅजेनला धरतं, ते गुलाबी. एखाद्या पेशीचं सायटोप्लाझमही निळसर दिसलं तर तिथे रायबोसोम भरपूर आहेत, म्हणजे ती पेशी प्रथिनं बनवतेय. स्वादुपिंडाच्या पेशी बघ, बुडाशी निळसर आणि वरच्या टोकाला गुलाबी कणांनी भरलेल्या. दोन रंगांत एवढं कळतं.

चरबी अल्कोहोल-झायलीनमध्ये विरघळून जाते. चरबीच्या जागी रिकामी गोल पोकळी आणि कडेला ढकललेलं केंद्रक दिसतं. पोकळी दिसली की "इथे काय होतं जे निघून गेलं?" असं विचारायचं.

आतड्याच्या स्लाइडमध्ये व्हिलायची (आतल्या बोटांसारख्या उंचवट्यांची) टोकं उघडी दिसली तर तो रोग समजू नकोस. मेल्यावर आतड्याचं आवरण फार लवकर सुटतं, फॉर्मलिनला उशीर झाला की टोकं सोललेलीच मिळतात.

खाडीकाठची | बुधवार, रात्री ९:२०

तबेला_डॉक्टर सर, पॅराफिन ताई, खूप आभार. आज प्रॅक्टिकलला रेटिक्युलमच्या टोकातला गठ्ठा लो पॉवरवरच सापडला! ओमॅझमचे तीन पट्टेही दिसले.

एक शंका. स्लाइडवर आकाराचा अंदाज कसा घ्यायचा? मॅग्निफिकेशन कळतं, पण पेशी मोठी की लहान हे ठरवायला काही धरून चालावं लागतं ना?

पॅराफिन | बुधवार, रात्री ९:५०

लाल पेशी शोध, रक्तवाहिनी जवळपास प्रत्येक स्लाइडमध्ये असतेच. कुत्र्याची लाल पेशी सुमारे ७ मायक्रॉन. शेळीची त्याच्या निम्मी, जवळपास ३ ते ४. म्हणजे प्राणी कोणता तेही आधी माहीत हवं. काप बघताना थोडं आक्रसलेलं धरायचं. कोंबडीची असेल तर लंबगोल आणि केंद्रक असलेली, एका नजरेत कळते. उंटाची लंबगोल, पण केंद्रकाशिवाय.

आणि एक. महाराष्ट्रात २०१५ पासून गोवंश हत्याबंदी आहे, त्यामुळे आपल्याकडे कत्तलखान्यातून येणारे नमुने म्हशीचे आणि शेळी-मेंढीचे जास्त. पुस्तकात बैल लिहिलेलं असतं, समोर म्हैस असते. लेबल वाचून मगच बघ.

वागळे_इस्टेट | गुरुवार, सकाळी ८:३०

लाल पेशीची युक्ती मलाही माहीत नव्हती, धन्यवाद. डॉक्टर, प्लासेंटाचा तक्ता पाठ न करता कसा येईल ते लिहा ना. मी अजून पाठांतरावरच आहे.

तबेला_डॉक्टर | गुरुवार, दुपारी ३:१०

लिहितो. हा माझ्या जिव्हाळ्याचा विषय आहे, लांबलं तर वाचून घ्या.

आईचं रक्त आणि पिल्लाचं रक्त यांच्यामध्ये जास्तीत जास्त सहा पडदे असू शकतात. आईच्या बाजूचे तीन: रक्तवाहिनीचं अस्तर, संयोजी ऊती, गर्भाशयाचं आवरण. पिल्लाच्या बाजूचेही तीन: कोरिऑनचं (पिल्लाभोवतीच्या सर्वांत बाहेरच्या पडद्याचं) आवरण, संयोजी ऊती, रक्तवाहिनीचं अस्तर. पिल्लाचे तीन टिकतातच. आईचे किती झिजतात यावर ग्रोसर या शास्त्रज्ञाने १९०९ साली वर्गीकरण केलं. घोडी आणि डुकरीण यांच्यात सहाही शाबूत. कुत्री-मांजरीत कोरिऑन थेट आईच्या रक्तवाहिनीच्या अस्तराला भिडतं. माणसात आणि उंदरात तेही जातं, कोरिऑन आईच्या रक्तातच बुडालेलं असतं. गाय-म्हैस-शेळीत पिल्लाच्या बाजूच्या दोन केंद्रकांच्या पेशी गर्भाशयाच्या आवरणातल्या पेशींमध्ये मिसळून जातात, म्हणून त्यांचं खातं वेगळं धरतात, पण भिंत जाडच राहते. सहा पडदे एकदा काढ आणि प्रत्येक प्राण्यासाठी एकेक खोडत जा. तक्ता तयार.

आकारही बघून घे. घोडी-डुकरिणीत चिकटण पूर्ण पृष्ठभागावर पसरलेली, कुत्री-मांजरीत पोटपट्ट्यासारखी मधोमध, गायीत ७० ते १२० सुटे प्लासेंटोम (चिकटण्याच्या गाठी). गायीत गर्भाशयाची बाजू, म्हणजे कॅरंकल, फुगीर असते, मेंढीत ती खोलगट. कॅरंकलच्या खाचांत पिल्लाकडचे व्हिलाय हातमोज्यात बोटं जावीत तसे रुतलेले असतात.

आता तबेला. भिंत जाड असल्यामुळे आईची अँटिबॉडी पोटात असताना पिल्लाला मिळत नाही. माणसाचं बाळ आईकडून अँटिबॉडी घेऊन जन्मतं, वासरू किंवा पारडू जवळजवळ रिकाम्या हाताने. त्याला जे मिळायचं ते चिकातून. आणि आतडं ते मोठे रेणू जसेच्या तसे आत घेतं, पण फार थोडा वेळ. पहिल्या काही तासांत भरपूर, मग कमी होत जातं, चोवीस तासांनी दार बंद. म्हणून जन्मल्यावर पहिल्या दोन तासांत चीक पाजायचा, आणि पहिल्या दिवसभरात साधारण वजनाच्या दहाव्या हिश्श्याइतका. ३० किलोच्या पारड्याला ३ लिटर.

आपल्याकडे काय होतं? म्हैस व्याली की आधी चिकाची बाटली भरली जाते. खरवसाला गिऱ्हाईक उभं असतं. पारडू, त्यातही रेडा असेल तर, नावाला दोन घोट. चौथ्या-पाचव्या दिवशी पातळ हगवण, आठवड्यात संपतं. मला बोलावतात तेव्हा दार बंद होऊन बराच काळ गेलेला असतो. सलाईन देतो, जमेल ते करतो, पण जे आतड्याने पहिल्या दिवशी घ्यायचं होतं ते मी बाटलीतून देऊ शकत नाही. खरवस खाऊ नका असं मी म्हणत नाही. पहिल्या धारेचा चीक पारड्याचा, पुढच्या दिवसाचा तुमचा, एवढंच म्हणतो. तुम्ही मुलं उद्या या तबेल्यांत जाल तेव्हा हे सहा पडदे मालकाला काढून दाखवा. मी जमिनीवर काडीने काढून दाखवतो, आणि ज्यांनी बघितलं त्यातले कितीतरी जण आता आधी पारड्याला पाजतात.

दुसरी गोष्ट, जार अडकणं. व्याल्यावर बारा तासांत जार पडला नाही तर अडकला म्हणायचं. लोक हात घालून ओढतात. व्हिलाय त्या खाचांत घट्ट असताना ओढलं तर कॅरंकल सोलून निघतो, रक्त जातं, जंतू आत जातात, पुढचा माज लांबतो. घोडीत मात्र तीन तास उलटले की तातडीची केस समजायची.

शहापूरची_लेक | गुरुवार, संध्याकाळी ७:२५

नमस्कार, मी डॉक्टर नाही. माहेर शहापूरचं, आता ठाण्यात कळव्याला असते. चिकाबद्दल वाचून माझ्या वडिलांना आत्ताच फोन केला. ते म्हणाले आपण पहिल्यापासून वासराला पाजूनच मग काढतो. बरं वाटलं.

डॉक्टर, एक विचारायचं होतं. आमच्याकडे गायीला जुळं झालं, एक गोऱ्हा आणि एक कालवड, तर कालवड ठेवू नये, वांझ निघते म्हणतात. याला काही आधार आहे का?

तबेला_डॉक्टर | गुरुवार, रात्री ८:४०

ताई, पूर्ण आधार आहे. गायीत जुळ्यांची आवरणं एकमेकांना भिडली की बहुतेक वेळा रक्तवाहिन्याही जोडल्या जातात. दोघांचं रक्त एकत्र फिरतं. नर पिल्लाच्या वृषणातून निघणारं अँटि-म्युलेरियन हार्मोन मादीत पोचतं आणि जिथून गर्भाशय आणि नळ्या बनायच्या ती म्युलेरियन डक्ट नीट वाढतच नाही. अंडाशयही बिघडतं. अशा कालवडींत शंभरात नव्वदहून जास्त वांझ. फ्रीमार्टिन म्हणतात तिला. फ्रँक लिली यांनी १९१६-१७ साली रक्तवाहिन्या जोडल्या जाण्यावरून याचा उलगडा केला, तेव्हा हे हार्मोन वेगळं काढून ओळखायचीही सोय नव्हती.

पण शंभरात काही चांगल्या निघतात, तेव्हा नुसतं ऐकून विकू नका. महिन्याच्या आत डॉक्टरकडून योनीमार्गाची लांबी तपासून घ्या. फ्रीमार्टिनमध्ये ती नेहमीच्या निम्म्याहून कमी भरते. रक्ताची गुणसूत्र तपासणीही होते, त्यात एकाच कालवडीत नर आणि मादी दोन्ही प्रकारच्या पेशी सापडतात.

खाडीकाठची, डक्टचा हा भाग तुझ्या यूरोजेनिटल चॅप्टरमध्ये आहे. वोल्फियन (नराच्या नळ्या जिच्यातून बनतात ती डक्ट) कुठे जाते, म्युलेरियन कुठे जाते, हे फ्रीमार्टिन डोळ्यासमोर ठेवून वाच.

बदलापूरची_पोल्ट्री | शुक्रवार, सकाळी ११:००

कोंबडीच्या गर्भाबद्दल कुणी लिहिलं नाही, मी लिहिते. गावरान कोंबड्या पाळते, स्वतःचं इनक्युबेटर आहे, आणि बी.एस्सी. झुऑलॉजीला हेच शिकले होते.

पहिलं म्हणजे दुकानातलं पांढरं अंडं चालत नाही. लेयर फार्मवर कोंबडा नसतो, त्यामुळे ते फळलेलं नसतं. फळलेलं अंडं ३७.५ अंशांवर ठेवलं की २१ दिवसांत पिल्लू. पण तासांवर विसंबू नकोस. अंडं कोंबडीच्या पोटात जवळपास एक दिवस असतं आणि विभाजन तिथेच सुरू होतं, घातल्यावर थंडाव्यात थांबतं. शिळं अंडं मागे पडतं. म्हणूनच हॅम्बर्गर आणि हॅमिल्टन यांनी १९५१ मध्ये तासांऐवजी खुणांवर ४६ टप्पे ठरवले.

सोमाइट मोज. पाठीच्या मध्यरेषेच्या दोन्ही बाजूंना चौकोनी ठोकळ्यांच्या जोड्या दिसतात त्या. २४ तासांच्या आसपास डोक्याची घडी आणि मोजून चार-पाच जोड्या. ३३ ला दहा-बारा, हृदयाची नळी उजवीकडे वाकलेली. याच सुमारास ते धडधडायला लागतं. ४८ ला डोकं वाकून एका कुशीवर वळलेलं, खालचा भाग अजून पालथा. ७२ ला पंख आणि पाय यांच्या कळ्या. चौथ्या-पाचव्या दिवशी अंधारात अंड्यामागे टॉर्च धरला की शिरांचं जाळं आणि मध्ये हलणारा ठिपका दिसतो. कुणाला बघायचं असेल तर रविवारी या, अंडं न फोडता दाखवेन.

खाडीकाठची | शुक्रवार, रात्री १०:१०

ताई, ४८ तासांच्या स्लाइडमध्ये वरचं अर्धं कुशीवर आणि खालचं अर्धं पालथं, हे मी स्लाइड खराब आहे म्हणून सोडून दिलं होतं! आता कळलं. रविवारी नक्की येते, सोबत दोन मैत्रिणी आहेत.

नेरुळची_मनीमाऊ | शनिवार, सकाळी ९:३५

वाचतेय, खूप शिकायला मिळतंय. माझ्या मांजरीला गजकर्ण झालं तेव्हा डॉक्टरांनी ग्रिसिओफुल्विन लिहिण्याआधी ती गाभण नाही ना याची सोनोग्राफी करून घेतली. तेव्हा मला तो उगाच खर्च वाटला होता. हे एम्ब्रिओशी संबंधित असावं का?

तबेला_डॉक्टर | शनिवार, दुपारी १२:२०

अगदी थेट. ग्रिसिओफुल्विनमुळे गाभण मांजरीला व्यंग असलेली पिल्लं होतात. डॉक्टरांनी योग्य तेच केलं.

अवयव घडण्याचा काळ थोडका असतो आणि त्या खिडकीत नको ती गोष्ट शिरली तर नुकसान कायमचं. अमेरिकेत आयडाहोमध्ये एकडोळी कोकरं जन्मायची. शोध घेतल्यावर कळलं की मेंढ्यांनी गाभणपणाच्या साधारण चौदाव्या दिवशी व्हेराट्रम कॅलिफोर्निकम ही वनस्पती खाल्ली होती. त्यातलं सायक्लोपामिन मेंदूचा पुढचा भाग दोन बाजूंना विभागू देत नाही, मग डोळाही एकच बनतो. तीच वनस्पती बरीच उशिरा खाल्ली तर एकडोळं कोकरू होत नाही.

आपल्याकडे रोजचं उदाहरण अल्बेंडाझोल. जंत पडावेत म्हणून सर्रास पाजतात. गाय पहिल्या दीड महिन्यात, मेंढी पहिल्या महिन्यात असेल तर टाळायचं. त्या वेळी गाभण आहे हे बाहेरून कळतही नाही, म्हणून रेतनाची तारीख विचारल्याशिवाय मी बाटली उघडत नाही.

खाडीकाठची | सोमवार, रात्री ९:००

रविवारी बदलापूरला जाऊन आलो. टॉर्चमध्ये ठिपका हलताना पाहिला. वहीत लगेच काढलं.

शेवटची शंका: डुकराच्या लिम्फ नोडची (लसिका गाठीची) स्लाइड मला उलटी वाटते. फॉलिकल्स (पांढऱ्या पेशींचे गोल पुंजके) कडेला हवेत ना? मधे दिसतात.

तबेला_डॉक्टर | सोमवार, रात्री ९:३०

तुझे डोळे बरोबर आहेत. डुकरात रचना उलटीच असते, फॉलिकल्स मधे आणि विरळ भाग कडेला. अशा प्राण्यागणिक खुणा वेगळ्या पानावर लिहून ठेव: डुकराच्या यकृतात प्रत्येक लोब्यूलभोवती (अवयवाच्या लहान भागाभोवती) संयोजी ऊतींची स्पष्ट चौकट, गायीच्या फुप्फुसात लोब्यूलमधले जाड पडदे जे कुत्र्यात नसतात, मांजरीच्या मूत्रपिंडात नळ्यांच्या पेशींमध्ये चरबीच्या पोकळ्या. शेवटचं पॅराफिन ताईंनी सांगितलंच आहे, पोकळी दिसली की काय निघून गेलं ते विचारायचं.

पॅराफिन | सोमवार, रात्री ९:५५

मांजरीच्या मूत्रपिंडाची एक जादा स्लाइड माझ्याकडे आहे, ती देऊन टाकेन. ऐरोली स्टेशनवर संध्याकाळी सहानंतर कधीही. कव्हरस्लिपला बोट लावू नकोस, काचेची कड धरून उचल, आणि ऑइल लावलंस तर लेन्स लगेच लेन्स पेपरने पूस.